गोरखा भूकंपाच्या दरडी नकाशावर उतरवताना

काम वाटून घेताना माझ्या वाट्याला सुनकोशी आणि भोटेकोशी या नद्यांची खोरी आली. काठमांडूहून तिबेटच्या सीमेवरील कोदारीपर्यंत जाणारा अरनिको महामार्ग याच खोऱ्यांतून जातो, आणि २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळातल्या गोरखा भूकंपात सर्वाधिक माणसे जिथे दगावली तो सिंधुपालचोक जिल्हा या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. भूकंपाचे केंद्र इथून बरेच पश्चिमेला, गोरखा जिल्ह्यातील बारपाक गावाजवळ होते. परंतु जमिनीखालचा भंग तिथून पूर्वेकडे सुमारे १४० किलोमीटर पसरत आला, आणि १२ मे रोजी ७.३ तीव्रतेचा दुसरा मोठा धक्का बसला तो तर सिंधुपालचोक आणि दोलखा या जिल्ह्यांच्या सीमेलगतच. आमच्या अभ्यासगटाने ठरवलेले काम ऐकायला सोपे होते: भूकंपाच्या आधीच्या आणि नंतरच्या उपग्रह प्रतिमा घ्यायच्या, दोन्हींत दिसणाऱ्या दरडींच्या सीमा वेगवेगळ्या थरांवर आखायच्या, आणि नंतरच्यातून आधीच्या वजा करून जे उरेल ते भूकंपाच्या नावावर मांडायचे. नंतरच्या दरडी मोजायला त्या काळात अनेक देशांतले अभ्यासक बसले होते. आधीच्या दरडींचा थर मात्र तयार मिळत नव्हता, आणि माझा बहुतेक वेळ त्याच्यावरच गेला.

हा थर का हवा, ते जुरेवरून लगेच कळते. २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे, म्हणजे भूकंपाच्या आधीच्या पावसाळ्यात, सुनकोशीकाठच्या जुरे इथला डोंगरउतार कोसळला, १५६ माणसे गेली, नदी अडून तिच्यामागे तलाव तयार झाला आणि महामार्गाचा काही भाग पाण्याखाली गेला. भूकंपानंतरच्या प्रतिमांत हा व्रण या खोऱ्यातल्या सर्वांत ठळक डागांपैकी एक आहे. मे २०१५ ची एकच प्रतिमा पुढ्यात ठेवून रेषा मारत जाणारा माणूस हा डाग बिनदिक्कत भूकंपाच्या खात्यात टाकील. जुरेची घटना गाजलेली असल्यामुळे तिच्याबाबतीत तसे कोणी करत नाही. पण त्याच पावसाळ्यात आणि त्याआधीच्या कित्येक पावसाळ्यांत पडलेल्या, बातमीत कधीच न आलेल्या लहान दरडींना तो आधार नाही. हिमालयाच्या या उतारांवर दर वर्षी दरडी पडतच असतात. भूकंप आला तेव्हा पाटी कोरी नव्हती.

प्रतिमा निवडणे हे पुष्कळदा कारकुनी काम मानले जाते. माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो. भूकंपानंतरच्या प्रतिमांसाठी मुदत तोकडी होती. जूनच्या मध्यावर मोसमी पाऊस नेपाळात पोहोचतो, आणि तिथून पुढे ढगही येतात आणि त्या ढगांखाली पावसाने पाडलेल्या नव्या दरडीही. निव्वळ भूकंपाच्या दरडी पाहायच्या तर सुमारे सात आठवडेच हाती राहतात, आणि त्यांतलेही पुष्कळ दिवस वळवाचे ढग आणि धुरकट हवा खाऊन टाकतात. आधीच्या प्रतिमांसाठी काळ हवा तितका मागे नेता येतो, पण प्रतिमा हव्या तशा मिळत नाहीत. दहा मीटर विभेदनाच्या, म्हणजे ज्यांतला एक ठिपका जमिनीवरचे दहा मीटर दाखवतो अशा, प्रतिमा विनामूल्य देणारा सेंटिनेल-२ हा युरोपीय उपग्रह सोडला गेला तोच २३ जून २०१५ रोजी, म्हणजे भूकंपानंतर. तेव्हा आधीच्या थरासाठी लँडसॅट ८ या अमेरिकी उपग्रहाच्या तीस मीटरच्या प्रतिमा, आपल्या रिसोर्ससॅट-२ वरच्या लिस-४ या कॅमेऱ्याच्या ५.८ मीटरच्या प्रतिमा, आणि गूगल अर्थवर जिथे जुन्या स्वच्छ प्रतिमा उपलब्ध आहेत असे विखुरलेले तुकडे, एवढ्यावर भागवावे लागले.

आधी आणि नंतर यांची तुलना करताना सर्वांत मोठा घोटाळा इथेच होऊ शकतो. भूकंपानंतर काही व्यावसायिक उपग्रहांच्या अर्ध्या मीटरच्या प्रतिमा मदतकार्यासाठी खुल्या झाल्या. अशा प्रतिमेत ओट्याएवढी घसरगुंडीही दिसते. आधीची प्रतिमा तीस मीटरची असेल तर तिच्यातला एक पिक्सेल ९०० चौरस मीटरचा असतो, आणि त्याहून लहान दरड, ती २०१३ मध्ये पडलेली असो की २०१० मध्ये, तिच्यात दिसणारच नाही. दोन्ही थर एकमेकांवर ठेवले की अशा सगळ्या जुन्या लहान दरडी ‘नव्या’ म्हणून वर येतात, आणि भूकंपाचा आकडा आपसूक फुगतो. म्हणून आम्ही नियम केला की आधीच्या प्रतिमेत जी दरड दिसू शकली असती आणि तरीही दिसत नाही, तीच नवी म्हणायची. आधीच्या प्रतिमेच्या आवाक्याबाहेरची दरड आखायची, पण तिच्यापुढे ‘अनिश्चित’ असा शेरा मारायचा. या नियमामुळे आमच्या यादीतल्या नव्या दरडींची संख्या बरीच खाली आली आणि गटात कुरकूरही झाली, कारण मोठा आकडा सांगायला सगळ्यांनाच आवडते.

दुसरी अडचण सावल्यांची. आधीच्या चांगल्या, ढगविरहित प्रतिमा बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरच्या असतात. लँडसॅट सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. त्या वेळी हिवाळ्यातला सूर्य आग्नेयेला आणि खाली असतो, त्यामुळे वायव्येकडे उतरणाऱ्या खोल घळी पूर्ण काळोखात बुडालेल्या दिसतात. मे महिन्यात सूर्य बराच वर असतो आणि त्याच घळी लख्ख उजळतात. दोन प्रतिमांतला फरक संगणकाकडून काढून घेतला तर ही उजळलेली जागा त्याला दरडच वाटते. वनस्पतींचे प्रमाण दाखवणारा एनडीव्हीआय हा निर्देशांक जवळ-अवरक्त आणि लाल या दोन पट्ट्यांच्या गुणोत्तरावर चालतो, म्हणून सावलीचा परिणाम त्यात थोडा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. सावलीतल्या जागा मी शेवटी वेगळ्या रंगात रेखून ‘पाहिले नाही’ अशी त्यांची नोंद केली. दरड नसलेली जागा आणि न पाहिलेली जागा नकाशावर सारखीच कोरी दिसते. वापरणाऱ्याने पहिली समजून दुसरीवर घरे बांधू नयेत, एवढीच अपेक्षा.

एनडीव्हीआय घसरला म्हणजे दरड पडली, असेही धरून चालत नाही. एप्रिल-मे मध्ये कापणी झालेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतली माती उघडी पडते आणि प्रतिमेत दरडीइतकीच चकाकते. नदीने सरकवलेली वाळूही तशीच. मला सर्वाधिक छळले ते नव्या रस्त्यांनी. या डोंगरांत गावोगावी बुलडोझरने कच्चे रस्ते खोदले जातात आणि निघालेली माती, दगड तसेच खाली ढकलून देतात. रस्त्याच्या प्रत्येक वळणाखाली मग मातीची एक जीभ लोंबते, आणि ती हुबेहूब लहान दरडीसारखी दिसते. ती ओळखण्याची एक खूण मला सापडली: तिचा वरचा काठ रस्त्याच्या रेषेला चिकटून सरळ असतो, तर खऱ्या दरडीचा माथा बहुधा वक्र आणि रस्त्याच्या वर असतो. अर्थात भूकंपात अशाच रस्त्यांच्या कापांवरून खरोखरच्या दरडीही पडल्या, तेव्हा प्रत्येक ठिकाणी डोळ्यांनी पाहूनच निर्णय घ्यावा लागला. दरडी आपोआप ओळखणाऱ्या आज्ञावलीकडून मी संशयित जागांची यादी करून घेतली. सीमा मात्र एकूण एक हाताने आखल्या.

त्यांपैकी एकीचे काम कसे चाले ते सांगते. भोटेकोशीच्या पूर्वेकडच्या एका कड्याखाली मेच्या प्रतिमेत राखाडी रंगाचा लांबट पट्टा होता. क्यूजीआयएस या नकाशे आखायच्या आज्ञावलीत डावीकडे नोव्हेंबर २०१४ ची लिस-४ प्रतिमा आणि उजवीकडे मे ची, अशा दोन चौकटी मी एकत्र सरकतील अशा जोडल्या होत्या. वनस्पती लाल रंगात दाखवणाऱ्या मिश्रणात डावीकडे कड्याच्या पायथ्याशी एक लहान राखाडी ठिपका आधीपासून होता, आणि त्याच्या भोवती शेजारच्या जंगलाहून उजळ लाल रंगाची एक कड होती. ही उजळ कड म्हणजे उत्तिसाची कोवळी झाडे. दरड पडून उघड्या झालेल्या ओलसर जमिनीवर या भागात सर्वांत आधी उगवणारे झाड तेच. म्हणजे इथे काही वर्षांपूर्वी एक मोठी दरड पडली होती, तिच्या कडेने झाडे आली होती आणि मध्यभागी ती अजून ठसठसत होती. उजवीकडे तोच ठिपका वर कड्यापर्यंत चढलेला आणि खाली नदीपर्यंत उतरलेला. ही दरड नवी नव्हती आणि जुनीही नव्हती. तिच्यासाठी ‘जुनी, भूकंपात वाढलेली’ असा वर्ग होता. नव्याने उघडा झालेला भाग मी वेगळा आखला, सुटलेला उगमभाग आणि राडारोडा घरंगळत गेलेला भाग यांच्यामध्ये एक रेषा ओढली, आणि दोन्ही प्रतिमांच्या तारखा, विभेदन व माझा विश्वासाचा दर्जा रकान्यांत भरला. पुढची दरड घ्यायला तेव्हाच मोकळी झाले.

आखलेल्या सीमा एकमेकींवर बसवणे हा वेगळाच उपद्व्याप होता. उपग्रह सरळ खाली न पाहता तिरका पाहत असेल, तर उंच कड्याचा माथा प्रतिमेत कित्येक मीटर बाजूला सरकलेला दिसतो. सपाट प्रदेशात हे खपून जाते, पण दोन हजार मीटरच्या चढउतारात तीच दरड आधी एका जागी आणि नंतर दुसऱ्या जागी भासते, आणि संगणक तिला दोन दरडी मानतो. उंचीच्या आकडेवारीच्या आधारे प्रतिमा सरळ करून, आणि पूल, देवळे, नदीतले मोठे खडक अशा न हललेल्या खुणांवर त्या जुळवून मगच पुढे जाता येते. क्षेत्रफळाचेही तसेच. नकाशावर मोजलेले क्षेत्रफळ हे वरून पाहिलेले असते. ४५ अंशांच्या उतारावर दरडीचा खरा पृष्ठभाग त्याच्या सुमारे १.४ पट भरतो.

शेजारशेजारच्या दरडी एक धरायच्या की अनेक, हा प्रश्न तर वादाचाच होता. एका कड्यावरून दहा जागी माती सुटते आणि खाली सगळी मिळून एकच पांढरा पंखा होतो. घाईत आखणारा त्या सगळ्याभोवती एकच रेषा ओढतो. एकूण क्षेत्रफळात त्याने फार फरक पडत नाही, पण दरडीचे घनफळ क्षेत्रफळाच्या १.४ व्या घातासारख्या प्रमाणात वाढते असे धरून गणित केले, तर दहा समान दरडींऐवजी एक दहापट मोठी दरड मानल्याने मातीचा अंदाज अडीच पट होतो. नदीत किती गाळ येणार, खालच्या वीजप्रकल्पाला काय झळ पोहोचणार, हे सारे त्या अंदाजावर ठरते. गोरखा भूकंपाच्या दरडींच्या प्रसिद्ध झालेल्या याद्यांत म्हणूनच एवढी तफावत आहे: स्वयंसेवी अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१६ च्या सुरुवातीपर्यंत जी यादी प्रसिद्ध केली तिच्यात ४,३१२ दरडी होत्या, आणि पुढे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केलेल्या, अतिशय बारकाव्याच्या प्रतिमांवरून केलेल्या यादीत जवळपास २५ हजार. यांतली कोणतीही यादी खोटी नाही. किती क्षेत्र पाहिले, किती लहान दरड धरली आणि कुठे तोडली, हे कळल्याशिवाय ‘किती दरडी पडल्या’ हा प्रश्न अर्धवटच राहतो.

२५ एप्रिलची दरड कोणती आणि १२ मे ची कोणती, हेही लोक हमखास विचारतात. दोन धक्क्यांमध्ये १७ दिवसांचे अंतर होते आणि लँडसॅट ८ त्याच जागेवर १६ दिवसांनी येतो. म्हणजे मधल्या काळात एखादीच फेरी, आणि तिच्यावर ढग असले तर काहीच नाही. काही भागांत इतर उपग्रहांच्या मधल्या प्रतिमा मिळाल्या, तिथे दरडी वेगळ्या करता आल्या. चाकू आणि लार्चाच्या वरच्या काही उतारांवर दुसऱ्या धक्क्यानंतर स्पष्ट वाढ दिसली. बाकी ठिकाणी मी कारण लिहिलेच नाही. आमच्या तक्त्यात ‘भूकंप’ असा रकाना सुरुवातीला होता. तो काढून ‘शेवटची न दिसलेली तारीख’ आणि ‘पहिली दिसलेली तारीख’ असे दोन रकाने केले. दरडीचे कारण हा अभ्यासकाचा निष्कर्ष असतो, तारखा मात्र प्रतिमेतून थेट मिळतात, आणि पुढे कोणाला वेगळा निष्कर्ष काढायचा असेल तर त्याला तारखाच लागतील.

दोन्ही थर पुरे झाल्यावर जे चित्र उमटले, ते मी पुस्तकात वाचले होते, पण स्वतः आखलेल्या रेषांतून पाहणे वेगळे. आधीच्या पावसाळी दरडी बहुतांशी उताराच्या खालच्या भागात, ओढ्यांच्या आणि नदीच्या काठाने होत्या. पाणी तिथे साचते आणि प्रवाह पायथा पोखरतो. भूकंपाच्या दरडी उताराच्या माथ्याकडे, डोंगराच्या सोंडांच्या कडेला, चढल्या होत्या. हादऱ्याची लाट अरुंद सोंडेवर वाढत जाते आणि कड्याचा माथा पायथ्यापेक्षा जोराने हलतो, हे त्याचे कारण. पुण्यात शिकलेल्या माझ्या डोळ्यांना पावसाळी दरडीच परिचयाच्या होत्या. माळीण गाडले गेले ते ३० जुलै २०१४ रोजी, जुरेच्या तीनच दिवस आधी. सह्याद्रीत बेसॉल्टचे थर आडवे असतात आणि त्यांच्यावरचा कुजलेल्या खडकाचा नि मातीचा पदर पावसाने भिजून सुटतो, तेव्हा संशय घ्यायचा तो या पदरावर आणि पाण्याच्या वाटेवर. सिंधुपालचोकच्या वरच्या अंगाला खडक कललेला, फुटका, पत्र्यापत्र्यांचा आहे आणि हादरा खडकालाच सोडवतो. तिथे प्रतिमेत आधी माथा तपासायची सवय लावून घ्यावी लागली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये आम्ही नकाशे घेऊन प्रत्यक्ष गेलो. बाह्रबिसेपर्यंत गाडी आणि पुढे जमेल तसे पायी. घरून ‘जुनी’ की ‘नवी’ असा शेरा मारलेल्या दरडी गावकऱ्यांना दाखवून विचारायचे, हा मुख्य उद्देश. इथले लोक घटना विक्रम संवताने सांगतात. भूकंप झाला तो बहात्तर सालच्या वैशाखात, म्हणून एकाहत्तर सालच्या पावसातली दरड म्हणजे २०१४ च्या पावसाळ्यातली. एका चढावर भेटलेल्या वयस्क दाइंना, म्हणजे दादांना, मी कागदावरचा पट्टा दाखवला. त्यांनी बोट ठेवून सांगितले, “याचा खालचा अर्धा माझ्या लग्नाआधीचा आहे.” लँडसॅटच्या कोणत्याही प्रतिमेत तो अर्धा भाग उघडा दिसला नव्हता, उत्तिसाच्या झाडांनी तो कधीच झाकून टाकला होता. नोंदवहीत अशा साक्षी मी वेगळ्या रकान्यात ठेवल्या, कारण त्यांना तारीख नसते, पण जागेबद्दल त्या सहसा चुकत नाहीत.

त्याच चढावर वर एका बाईंच्या मक्याच्या शेतात जमिनीला भेग होती. शेताच्या वरच्या बांधाला समांतर, मूठ सहज आत जाईल इतकी रुंद, आणि एका टोकाला बांधाचे दगड हातभर खाली बसलेले. पावसाचे पाणी आत मुरू नये म्हणून बाईंनी ती चिकणमाती आणि दगड ठेचून बुजवली होती आणि वर परत मका लावून काढलाही होता. भेगेच्या खालचा अख्खा उतार सुटायच्या बेतात होता, हे तिथे उभे राहिल्यावर कोणालाही कळले असते. आमच्या नकाशावर त्या जागी काहीच नव्हते, आणि प्रतिमेत ते दिसणारही नव्हते. भूकंपाने पाडलेल्या दरडींची यादी ही त्याने केलेल्या नुकसानीचा एक भाग फक्त. खिळखिळे होऊन जागीच थांबलेले उतार पुढच्या पावसाळ्यांत हळूहळू सुटतात, म्हणूनच मोठ्या भूकंपानंतर काही वर्षे दरडींचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त राहते. अशा भेगांसाठी मी एक ठिपक्यांचा थर सुरू केला, जीपीएसवर जागा घेऊन आणि प्रत्येक ठिकाणी रुंदीची नोंद करून.

कोदारीच्या दिशेने नदीकाठाला वेगळाच गुंता होता. ५ जुलै २०१६ रोजी वरच्या बाजूचे एक हिमतळे फुटून भोटेकोशीला अचानक पूर आला आणि त्याने काठांचे पायथे खरवडून नेले. तिथल्या ताज्या दरडी भूकंपाच्या आहेत, पुराच्या आहेत की भूकंपाने सैल झालेल्या आणि पुराने पाडलेल्या, हे उभ्या जागी ठरवणे शक्य नव्हते. ज्या दरडी २०१५ च्या पावसाळ्यानंतरच्या प्रतिमांत दिसत नाहीत आणि जुलै २०१६ नंतरच्या प्रतिमांत दिसतात, त्यांना तिसरा थर दिला, आणि भूकंपाच्या वजाबाकीतून तो पूर्ण बाहेर ठेवला.

सध्या मी आधीचा थर मागे मागे नेत आहे. लँडसॅटच्या तीस मीटरच्या प्रतिमा १९८० च्या दशकापासूनच्या आहेत आणि २००८ पासून हा सारा संग्रह विनामूल्य झाला आहे, तेव्हा प्रत्येक हिवाळ्याची एक स्वच्छ प्रतिमा घेऊन, आधीच्या हिवाळ्याशी ताडून, त्या एका पावसाळ्याच्या दरडी वेगळ्या काढता येतात. लहान दरडी यात सुटणारच, म्हणून त्या विभेदनाला झेपतील तेवढ्याच धरते आणि भूकंपाच्या थरातल्याही तेवढ्याच आकाराच्या दरडींशी तुलना करते. काम १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पोहोचले आहे. त्याआधीच्या काही हिवाळ्यांत भोटेकोशीच्या वायव्येकडे उतरणाऱ्या घळी पूर्ण सावलीत आहेत. त्या वर्षांच्या थरात तेवढा भाग ‘पाहिले नाही’ म्हणून रेखून ठेवला आहे.